पानाखालचं नाव

काउंटरवरच्या मुलीने नाव पुकारलं आणि पडद्याआड रक्त काढणाऱ्या बाईच्या तोंडून शब्द निसटला, "नेर्का." हातात सुई होती. समोर खुर्चीत एक जाडजूड गृहस्थ बाही वर करून, तोंड भिंतीकडे फिरवून बसले होते, दंडाला पट्टा आवळलेला, शीर अजून सापडायची होती. "काय म्हणालात?" गृहस्थांनी घाबरून विचारलं. रक्त द्यायला आलेल्या माणसाला सुई धरलेल्या बाईचा प्रत्येक शब्द आपल्या तब्येतीबद्दलचाच वाटतो. "काही नाही, मूठ आवळा," ती म्हणाली. पडद्यापलीकडे काउंटरवरच्या मुलीने तेच नाव पुन्हा घेतलं, तेव्हा बाकावरून एक पोरगी कानातल्या वायरी ओढत उठली आणि "आले, आले" म्हणत आत आली. विशीतली असेल. नाव काही जगावेगळं नव्हतं. त्या सुमाराला जन्मलेल्या निम्म्याअधिक मुलींचं तेच नाव ठेवलेलं होतं आणि या लॅबमध्ये ते आधीही कितीदा पुकारलं गेलं असेल. पण आज तिने त्या नावाला ओ दिली होती, तीही आपल्या भाषेत नाही. पोरगी खुर्चीत बसल्यावर तिने सवयीने विचारलं, "उपाशीपोटी आहेस ना?" "फक्त कॉफी प्यायले, चालतं ना?" "कॉफी म्हणजे काय हवा आहे का?" ती खेकसली, आणि खेकसायला मिळालं म्हणून तिला जरा बरं वाटलं. मग कागद पाहिला तर पोरीला नुसतं हिमोग्लोबिन बघायचं होतं, उपाशी असण्याची गरजच नव्हती. कोपराच्या खळगीत शीर ठसठशीत होती, पहिल्याच टोचणीला रक्त आलं. तिने नळी खालीवर केली, नावाची पट्टी चिकटवली. नळी हातात कोमट लागत होती. ती तिने जरा जास्तच वेळ धरून ठेवली असणार, कारण पोरीने विचारलं, "काही प्रॉब्लेम आहे का?" "छे, रक्त चांगलं आहे तुझं," ती म्हणाली. नळीकडे बघून असं काही कोणालाच सांगता येत नाही, आणि एवढ्या वर्षांच्या नोकरीत ती ते कोणालाही म्हणाली नव्हती.

नेर्का म्हणजे हजर. एवढा एक शब्द तिला सगळ्यात आधी आला होता. तिची स्वतःची, त्याच नावाची मुलगी गेल्यानंतरच्या दिवसांत घरात माणसांचा राबता होता, नंतर तो ओसरला, आणि मग एका सकाळी मुलीच्या खोलीतला कॉम्प्युटर आपणहून वाजायला लागला. बराच वेळ वाजत होता. ती हातातलं टाकून गेली. पडद्यावर चौकोन, चौकोनात एक पांढऱ्या केसांच्या बाई, आणि खाली लिहिलेलं की तास सुरू झाला आहे. आर्मेनियन भाषा आणि संस्कृती, पदव्युत्तर अभ्यासक्रम, दूरस्थ शिक्षण. मुलीने फी भरली होती, सत्राच्या आधी झालेल्या पहिल्या ओळखीच्या तासाला बसली होती आणि त्याच आठवड्यात रस्ता ओलांडताना गाडीखाली आली होती. तर या लोकांना सांगायला हवं, म्हणून तिने बटण दाबलं. सांगायचंच होतं तिला, शपथेवर. वाक्य जिभेवर तयार होतं. पण बाई हजेरी घ्यायला लागल्या होत्या, एकेक चौकोन उजळत होता, आणि मग बाईंनी मुलीचं नाव घेतलं. दुसरं अक्षर उगाच लांबवून, पण अगदी सहज घेतलं, पलीकडच्या खोलीतून हाक मारल्यासारखं. गेल्या कित्येक दिवसांत ते नाव कोणी असं घेतलं नव्हतं. सगळे ते दबकून, घसा साफ करून घ्यायचे किंवा घ्यायचेच नाहीत, "ती" म्हणायचे, "पोरगी" म्हणायचे. आणि तिच्या लक्षात आलं की जिभेवरचं ते वाक्य तिने अजून एकदाही उच्चारलेलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टरने सांगितलं, नातेवाइकांना नवऱ्याने फोन केले, लॅबमध्ये शेजारणीने कळवलं. तिच्यावर वेळच आली नव्हती. बाईंनी पुन्हा नाव घेतलं. तिच्या आधीच्या माणसाने जे म्हटलं होतं तेच तिने म्हटलं, "नेर्का." बाईंनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं. असं झालं. त्यात कट नव्हता की डोकं नव्हतं. पुढच्या तासाला सांगू, असं म्हणून ती उठली, आणि पुढच्या तासाला वेळेआधी पाच मिनिटं दार लावून बसली.

एकदा खोटं बोललं की ते निस्तरायला अभ्यास करावा लागतो, हे शाळेत कोणी शिकवत नाही. कॅमेरा बंद ठेवायला लाईन खराब असल्याचं कारण पुरलं. आवाज कोणी नीट ऐकलेला नव्हता. पहिल्या तासाला सगळ्यांनी नुसती नावं सांगितली होती. पण बाई प्रश्न विचारत. अक्षरं काढायला लावत. अडतीस अक्षरं, आणि सुरुवातीला तिला ती सगळी घोड्याची एकच नाल उलटीसुलटी टांगल्यासारखी दिसायची. पन्नाशी उलटून गेलेली बाई सकाळी ड्युटीला जाण्याआधी मुलीच्या टेबलाशी बसून अक्षरं गिरवत होती, आणि कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारचळ लागला. बाकीच्यांच्या मात्र नाकी नऊ यायचे ते उच्चारांनी. त्या भाषेत चमच्यातला च वेगळा आणि चहातला वेगळा, जखमेतला ज वेगळा आणि जिवातला वेगळा. त आणि थ, क आणि ख, सगळं वेगवेगळं. एक पाद्री होता तासाला, भला माणूस, चर्चच्या जुन्या ग्रंथांसाठी शिकणारा, तो त्या च-पायी घामाघूम व्हायचा. हिला ते सगळं जन्मतःच फुकटात मिळालेलं. "ऐका, कसा उच्चार करते ती," बाई म्हणायच्या आणि मुलीचं नाव घेऊन तिचं कौतुक करायच्या. तेव्हा तिच्या अंगावर सरसरून काटा यायचा. मुलीचं कौतुक चाललं होतं. मुलगी हुशारच होती. अशा सकाळी बसमध्ये उभं राहून लॅबला जाताना तिला आतून चक्क आनंद व्हायचा, आणि मग दोन स्टॉप गेले की त्या आनंदाचीच अशी शिसारी यायची की पुढच्या स्टॉपला उतरून चालत जावंसं वाटायचं.

मुलीला ही भाषा कशाला हवी होती, हे तिला कधीच कळलं नाही. विचारलं होतं. म्हणजे विचारलं कसलं, टोमणा मारला होता. "आर्मेनियन? ते कुठे असतं?" "नकाशात असतं, आई." "आणि तिथे जाऊन काय उजेड पाडणार?" "जाणार कुठे? घरबसल्या शिकणार." "घरबसल्या बायका ब्लाउज शिवतात, निदान लोकांच्या अंगावर येतात ते. ती भाषा बोलणारं एक तरी माणूस भेटलंय का तुला जन्मात?" "नाही ना," मुलगी म्हणाली, "म्हणूनच." "म्हणूनच म्हणजे?" पण तेवढ्यात मुलीचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत गॅलरीत गेली. झालं, इतकंच. त्या "म्हणूनच"च्या पुढे काय होतं ते शोधायला म्हणून तिने पुस्तकं वाचली. मुलीने मागवलेली, अजून वेष्टनातलीसुद्धा न काढलेली. डोंगर, मठ, दगडात कोरलेले क्रूस, एकासारखा दुसरा नाही. हाकलून दिलेली माणसं, वाळवंटात चालत नेऊन मारलेली माणसं, जगभर विखुरलेली माणसं. वाचताना ती मनात म्हणायची, हे असेल का, यासाठी असेल का? एखाद्या परिच्छेदापाशी थांबून, आता मुलगी इथे असती तर तिने इथे रेघ मारली असती का, असा विचार करायची आणि पेन्सिल उचलून खाली ठेवायची. कारण सापडलं नाही. असं कारण बहुतेक नसतंच. पोरं काहीतरी आवडलं म्हणून करतात, आणि मागे राहिलेली माणसं त्यात अर्थ हुडकत बसतात, हे तिला एका सकाळी दात घासताना स्पष्ट कळलं. तरी ती तासाला बसली. तोवर तिला भाषा येऊ लागली होती, आणि आलेली गोष्ट टाकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता.

दुसऱ्या सत्रात बाईंनी हस्तलिखितं घेतली. त्या काळी पोथी उतरवून काढणारे लेखनिक शेवटच्या पानाखाली स्वतःच्या मनाने चार ओळी लिहायचे, त्याला म्हणायचं हिशातकारान, आठवणीची ओळ. पोथी देवाची, पण हा तळाचा मजकूर माणसाचा. थंडी फार आहे, शाई गोठते. डोळे गेले. गावावर घोडेस्वार आले, सगळं जाळून गेले. चुका झाल्या असतील तर पोटात घाला, माझी कुवत एवढीच होती. आणि मग नावं. आईबापाची, बायकोची, मेलेल्या लेकरांची. हे वाचणाऱ्या माणसा, त्यांचं नाव घे. श्रीमंत लोक मेलेल्या मुलाच्या नावाने अख्खी पोथी लिहवून घ्यायचे, तळाला त्या मुलाचं नाव यावं म्हणून. तेवढ्यासाठी. बाई एकेक हिशातकारान वाचून दाखवायच्या. बाई चांगल्या होत्या, पण त्यांनी अशी इतकी पानं वाचली होती की त्यांना दुःखाची जात कळायची, दुःख नाही. "हे बघा किती छान उदाहरण," त्या म्हणायच्या, "इथे बापाने मुलाचं वय दिलंय. हे दुर्मिळ आहे." ती कॅमेरा बंद असलेल्या चौकोनामागे बसून ऐकायची. कोणा एका शतकातल्या कोणा एका बापाचा मुलगा घोडेस्वारांच्या वर्षी गेला होता आणि बाई त्याला छान म्हणत होत्या. एकदा तिला इतका संताप आला की तिने आवाजाचं बटण दाबून तोंड उघडलं. "बोला, काय विचारायचंय?" बाई म्हणाल्या. आणि तिने शाई कशाची करायचे ते विचारलं.

ज्या दिवशी लॅबमध्ये तोंडून नेर्का निघालं, त्याच संध्याकाळी नवऱ्याने विषय काढला. जन्मभर टेलिफोन खात्यात लोकांच्या जोडण्या जोडण्याचं आणि तोडण्याचं काम केलेला माणूस. मुलगी गेल्यावर त्याने एकेक करून तिचं सगळं बंद करायला घेतलं होतं. फोनचा नंबर, बँकेचं खातं, वाचनालय, जिम, मासिकं. प्रत्येक ठिकाणी जायचा, रांगेत उभा राहायचा, मृत्यूचा दाखला पुढे करायचा. घरी येऊन फक्त म्हणायचा, "वाचनालयाचं झालं." तिला ते बघवायचं नाही. वाटायचं, हा माणूस पोरीला रोज थोडी थोडी मारतोय. त्याला एकदाही रडताना तिने पाहिलं नव्हतं. तो चहाचा कप घेऊन समोर बसला आणि म्हणाला, "अगं, मला वाटत होतं तू वेळ जावा म्हणून काहीतरी शिकतेस. मी म्हटलं, शिकू दे, बरंच आहे."

"शिकतेच आहे."

"आज तुझं दार नीट लागलेलं नव्हतं. ती बाई आपल्या पोरीचं नाव घेत होती." त्याने कप खाली ठेवला. "आणि तू ओ देत होतीस."

कपाभोवती त्याची बोटं होती, नखं नीट कापलेली. नखं कापायचं कसं सुचतं या माणसाला, हा विचार तिच्या मनात आला.

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्यापासून."

"म्हणजे तिथे तिला अजून..." तो थांबला. "तिथे माहीतच नाही कोणाला?"

"नाही."

"अगं, हे काय करून बसलीस तू?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर सोपं झालं असतं, तीही भांडली असती. भांडणात ती कोणाला हार गेली नव्हती. "मी सगळीकडे जाऊन सांगून आलो. मला काय हौस होती? प्रत्येक खिडकीवर माणूस विचारतो, कोण लागत होती तुमची. प्रत्येक खिडकीवर सांगितलं. मला वाटलं, झालं आता. संपलं एकदाचं. आणि इथे घरात, तिच्याच खोलीत..."

"तुमचं होईल हो संपून," ती म्हणाली, "तुमच्याकडे कागद आहे. दाखवला की झालं."

हे फार लागलं त्याला. तोंडातून गेल्यावर तिलाही कळलं, पण सुटलेला शब्द परत येत नाही. बराच वेळ तो टेबलावरच्या प्लॅस्टिकवरची एक सुरकुती अंगठ्याने सपाट करत राहिला. मग म्हणाला, "पोरीला सोड तू. अशी बांधून ठेवू नकोस. शनिवारी शेवटचा तास आहे म्हणालीस ना वर्षाचा? त्या दिवशी सांग. तू सांग, नाहीतर सोमवारी मी कळवतो. मला ते करायला लावू नकोस. हे एक मला करायला लावू नकोस." शेवटचं वाक्य तो ज्या आवाजात बोलला तो आवाज तिने पूर्वी ऐकला नव्हता. ती उठून आत गेली आणि मुलीच्या पलंगावर पाय वर घेऊन बसली. म्हणजे आता शनिवार. जगात सगळीकडे ती मेली होती. या घरात, शेजारात, बँकेत, लॅबमध्ये. एका ठिकाणी तेवढी नव्हती. तिथे आठवड्यातून तीनदा कोणीतरी तिला हाक मारत होतं, ती उत्तर देत होती, तिचा अभ्यास पुढे जात होता, पाद्री तिला उच्चार विचारत होता, पुढच्या वर्षी ती काय विषय घेणार याची बाईंना उत्सुकता होती. शनिवारी तिथेही ती मरणार, आणि या वेळी गाडीवाला नाही, डॉक्टर नाही, आपणच आपल्या तोंडाने सांगणार. पण नवऱ्याचंही काय चुकलं होतं? तो दारोदार जाऊन ते वाक्य बोलून आला होता, तिच्या वाटणीचंसुद्धा. तिच्या वाट्याला एकच खिडकी राहिली होती आणि ती तिथे रांग मोडून आत जाऊन बसली होती.

शेवटच्या तासाची बाईंची एक रीत होती. प्रत्येकाने जुन्या पोथीचं एक पान स्वतःच्या हाताने उतरवून काढायचं आणि खाली स्वतःचं हिशातकारान लिहायचं, जुन्या पद्धतीने. मग ते सगळ्यांसमोर वाचायचं. बाई ते पडद्यावर लावणार, चुका दाखवणार, आणि शेवटी सगळ्यांनी आपापला आवाज सुरू करून त्यातल्या मृताचं नाव घ्यायचं. मृत कल्पित असला तरी चालेल, बाईंनी सांगितलं होतं, किंवा कोणी आजी-आजोबा वगैरे. पान तिने आधीच उतरवून ठेवलं होतं. खालची जागा कोरी होती. शुक्रवारी लॅबमधून आल्यावर ती टेबलाशी बसली आणि तिला वाटलं, देवानेच सोय केली. नुसतं "मुलगी गेली" असं त्या बाईंना आपल्याला सांगता येणार नाही, कुठल्याच भाषेत येणार नाही, घशातून निघणारच नाही. पण इथे त्या वाक्याला जागा आखून ठेवली आहे, शेकडो वर्षं लोकांनी तेच वाक्य याच जागेवर लिहिलंय, आपण फक्त ओळीत उभं राहायचं. तिने लिहिलं. बोरू सरकताना कागद करकरत होता. खाडाखोड करावी लागली नाही. शेजारच्या खोलीत नवरा बातम्या लावून बसला होता आणि आवाज बंद करून नुसता बघत होता.

शनिवारी सकाळी तिने दार उघडंच ठेवलं. नवरा चौकटीला टेकून उभा राहिला, आत आला नाही. हजेरी झाली. नाव आलं, ती "नेर्का" म्हणाली, आणि तो मान खाली घालून फरशीकडे बघत राहिला. पाद्र्याने वाचलं, त्याचे कोणी जुने बिशप होते. मग एका निवृत्त आजोबांनी वाचलं, त्यांची आजी त्या मुलखातून पळून आलेली. ते आजीच्या नावापाशी अडखळले आणि सगळ्यांनी आजीचं नाव घेतलं. मग तिची पाळी आली. बाईंनी तिने रात्री पाठवलेलं पान पडद्यावर लावलं, शेजारी तळाच्या ओळी दुरुस्तीसाठी टाइप करून. तिने आवाज सुरू केला आणि वाचलं. "हे पान मी लिहिलं, एक अडाणी बाई, दुसऱ्यांचं रक्त काढून पोट भरणारी. अक्षर वाकडं आहे, कारण लिहायला फार उशिरा शिकले. ज्या वर्षी हे लिहिलं त्या वर्षी माझ्या घरात कोणी हसलं नाही. माझी एकच मुलगी होती." इथे तिने नाव वाचलं. "ती रस्ता ओलांडत होती. गाडी हाकणाऱ्याला ती दिसली नाही. ती मेली. वाचणाऱ्यांनो, तिचं नाव घ्या, आणि माझ्या चुका पोटात घाला."

ती मेली. त्या भाषेत तो एवढासा शब्द आहे. तो तोंडातून बाहेर पडल्यावर तिने हातातलं पान टेबलावर पालथं ठेवलं. आता काय ते होऊ दे, असं तिला वाटलं. आता बाई गप्प होतील, मग विचारतील. विचारलं की हो म्हणायचं, एवढंच उरलंय. मग पाद्र्याने टाळ्या वाजवल्या.

"वा!" बाई म्हणाल्या. "ऐकलंत सगळ्यांनी? मी इतकी वर्षं शिकवतेय, विद्यार्थ्यांकडून इतकं अस्सल क्वचित येतं. लहान वाक्यं, रडारड नाही. आणि शेवटाच्या आधी आवाज बसला ना तुमचा, तसंच वाचायचं असतं ते."

"रक्त काढणारी बाई कुठून सुचली हो?" आजोबांनी विचारलं. "फार छान सुचलंय."

तिने तोंड उघडलं. पण बाईंना घाई होती.

"एकच चूक आहे," बाई म्हणाल्या, आणि पडद्यावर लाल बाण हलत हलत मुलीच्या नावापाशी येऊन थांबला. "घाबरू नका, दरवर्षी कोणीतरी हे करतंच. लिहिणाऱ्याचा हात सवयीने स्वतःच्या नावाकडे जातो. हे बघा, मुलीच्या जागी तुम्ही स्वतःचंच नाव घातलंय. मरणारी मुलगी आणि लिहिणारी बाई, दोघींची गल्लत झाली. तुमचं नाव इथे वर हवं, लिहिणारीच्या ओळीत." बाईंनी ते नाव खालून उचललं. म्हणजे खरोखरच उचललं. ते खालच्या ओळीतून नाहीसं झालं आणि वरच्या ओळीत, "हे पान मी लिहिलं" याच्या पुढे, नीट जाऊन बसलं. खाली जिथे मेलेल्या मुलीचं नाव होतं तिथे मोकळी जागा राहिली आणि त्या जागेत एक बारीक उभी रेघ उघडझाप करत राहिली. हे पान तिच्या मुलीने लिहिलं होतं. पडद्यावर तसं स्पष्ट दिसत होतं. मुलगी लिहायला उशिरा शिकली, मुलीचं अक्षर वाकडं, मुलगी चुकांची माफी मागत होती, मुलगी होती. आणि मेलेलं कोण ते अजून ठरायचं होतं.

"मग इथे कोणाचं नाव घालू?" बाईंनी विचारलं. "कल्पितच आहे, कुठलंही चालेल. पण रिकामं ठेवू नये, अशुभ मानतात."

सांगायची हीच वेळ होती. ती चूक नाही, एवढे तीन शब्द. त्या भाषेत तर दोनच, आणि ते तिला येत होते. चौकटीत नवरा उभा होता, एक शब्द कळत नव्हता त्याला, तो नुसता तिच्या पाठीकडे बघत होता, हे तिला न वळता जाणवत होतं. आणि ती रेघ उघडझाप करत होती. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिने हेच मागितलं होतं, अगदी हेच, कोणाकडे ते न कळता, दातओठ खाऊन: तिच्या जागी मला घे, नावं बदल. तेव्हा कोणी ऐकलं नाही. आता एक पांढऱ्या केसांची बाई चष्मा सावरत विचारत होती, कुठलं नाव घालू. तिने स्वतःचं नाव सांगितलं. बाईंनी स्पेलिंग विचारलं, तेही सांगितलं.

"सुंदर नाव आहे," बाई म्हणाल्या. "चला, सगळ्यांनी."

चौकोन एकेक करून उजळले. पाद्री, आजोबा, कोण कुठल्या गावचे, कधीही न भेटलेले लोक. सगळ्यांनी मिळून, थोडं पुढेमागे, तिचं नाव घेतलं आणि आठवण राहो म्हणाले. ती ऐकत राहिली. आपलं नाव इतक्या तोंडून एकदम तिने कधी ऐकलं नव्हतं. मग बाई पुढच्या विद्यार्थ्याकडे वळल्या आणि तिने आवाज बंद केला.

मागे पावलं वाजली. नवरा आत आला होता. इतक्या दिवसांत तो या खोलीत पहिल्यांदाच आला. "तुझं नाव घेतलं त्यांनी," तो म्हणाला. "मी ऐकलं. सगळ्यांनी तुझं नाव घेतलं."

"हो."

"म्हणजे सांगितलंस."

"वाचून दाखवलं."

"काय म्हणाले?"

"आठवण ठेवू म्हणाले."

तो मुलीच्या पलंगाच्या कडेवर बसला. चष्मा काढून हातात धरला आणि एकदम, मोठ्यांदा, तोंड झाकायचंही न सुचून रडायला लागला. त्याचे खांदे गदगदत होते आणि पलंगाची फळी कुरकुरत होती. तिने कधी पाहिलं नव्हतं ते ती पाहत होती. बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं, आणि फार दिवसांनी माणसाला झोप लागून जाग यावी तसा त्याचा चेहरा दिसला.

"सुटली गं पोर," तो म्हणाला. "सोडलंस तू तिला."

तिने मान डोलावली.